मोहरीएवढी गोळी

माझ्या नवऱ्याने अफू सोडली ती एकूण सात वेळा. तुळशीवर हात ठेवून सोडली, बेलभंडारा उचलून सोडली, माझ्या माहेरच्यांसमोर नाक घासून सोडली. चौथ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या! अंग ठणकतं, नाक गळतं, पोट चालतं म्हणून कण्हायचा आणि अफूच्या ठेक्यावर जाऊन यायचा. मेडशीजवळ आमचा भाजीचा मळा. मोट हाकायची मी, वांगी तोडायची मी, मालेगावच्या बाजाराला पाटी न्यायची मी, आणि हा बाबा आंब्याखाली डोळे मिटून बसलेला. हातातला विळा फेकून मारावा असा संताप व्हायचा.

"एवढी एक गोळी सोडवत नाई तुमाले? मनावर घ्या ना जरा!"

"तुले नाई समजत," एवढंच म्हणायचा.

मला सगळं समजतं असं मला वाटे. आणि रोज सकाळी मीच मोहरीएवढी अफू अंगावरच्या दुधात उगाळून आमच्या सात महिन्यांच्या लेकीला चाटवत होते. कामाला जाणाऱ्या सगळ्याच बायका चाटवायच्या. तिला आम्ही बाळगोळी म्हणायचो, म्हणजे ती अफू राहत नसे! पोर झोळीत निजून राही आणि माझे वाफे निंदून होत.

पोर वाळत चालली तेव्हा सुईणीने सांगितलं, "गोळी कमी कर. पोट्टी दूध पिऊन नाई राह्यली." कमी कशाला? मी दुसऱ्या दिवसापासून बंदच केली. मी काही माझा नवरा नव्हते.

त्या दुपारी ती रडायला लागली ती थांबेचना. हातपाय थरथरत होते, नाक वाहत होतं, जुलाब लागले. दूध तोंडात धरीना. दृष्ट काढली, उपयोग नाही. शेवटी त्या एवढ्याशा जीवावर मी ओरडले. नवरा आंब्याखालून उठून आला. त्याने तिला घेतलं, नाक पुसलं, मांड्या हलक्या हाताने चोळल्या.

"हाडं दुखून राह्यले तिचे," तो म्हणाला. "असंच होते."

तो मला एका शब्दानेही टाकून बोलला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. पोरीला हे मी लावलं होतं, बापाने नाही. आणि आता तिने काय मनावर घ्यायचं होतं?

सुईण येऊन खेकसलीच, "एकदम काहून तोडली? मारतं का पोट्टीले? रोज कणभर कमी कर!"

दुसऱ्या दिवशी मी नखाने गोळी कापत होते. नवरा समोर बसला आणि त्याने आपली गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

"माही बी तूच काप."

लेक महिन्याभरात सुटली, दूध पिऊ लागली. त्याला सव्वा वर्ष लागलं. मधे दोनदा तो चोरून ठेक्यावर जाऊन आला. दोन्ही वेळा मी त्याला पोटभर शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा कापायला बसले.