औषधवाल्यांचा ताप

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कुडाळच्या स्टँडसमोर आम्ही एम.आर. लोक चहाला बसायचो, एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवायचा, आणि चहा गार व्हायचा. एम.आर. म्हणजे औषधांची बॅग मोटरसायकलला अडकवून डॉक्टरांच्या दारोदार हिंडणारी जमात. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिल्हा नवा, रस्ते जुने, आणि आमच्या कंपनीची इकडे माणसं तीनच: मी, परब आणि नंदू. लोक हे किस्से ऐकून हसतात. माझं डोकं मात्र अजून तापतं. औषधं विकणाऱ्याने आजारी पडायचं नाही, हा कुठला कायदा?

*

पहिली गोष्ट टायची. मे महिना, मालवणचा घामट उकाडा, सीटचं रेक्झिन असं तापलेलं की बसायची हिंमत होऊ नये. तरी गळ्यात टाय हवाच. कंपनीचा नियम! नियम करणारा मुंबईत पंख्याखाली बसलेला.

एकदा माझं पोट बिघडलं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बंदराजवळ माडाच्या सावलीत गाडी लावली आणि उकिडवा बसलो. मासळी विकून परतणारी एक म्हातारी थांबली. तिने आधी मला पाहिलं, मग टाय पाहिला.

"तुज्या गळ्यात दोरी कोणी बांधल्यान रे? सोड ती नि घराक जा."

एवढं शहाणपण कंपनीत कोणाला सुचलं नाही.

*

परबाची तऱ्हा आणखी वेगळी. भर दुपारी कणकवलीहून तापाने फणफणत निघाला तो थेट एका डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्या दिवशी पेशंट म्हणून. रीतसर बाकावर बसला. पण आमच्या धंद्याची रीत अशी, की आधी सगळे पेशंट संपायचे, मग एम.आर.ने आत जायचं. सवयीने हा येणाऱ्या प्रत्येकाला "तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहिला!

शेवटी आत गेला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, नवीन काय? झालं, परब पाठ केलेलं बोलू लागला. आमच्या तापाच्या गोळीचे सगळे गुण सांगितले, सॅम्पल टेबलावर ठेवलं, "थँक यू, डॉक्टर" म्हणून बाहेर आला. किक मारताना त्याला आठवलं, की आपण कशाला आलो होतो.

परत आत जायची त्याला लाज वाटली. तसाच गाडी हाकत घरी गेला. मला राग येतो तो त्या डॉक्टरांचा. समोरच्याचे डोळे लालभडक झालेत, एवढंही दिसू नये?

*

आमचे साहेब कोल्हापूरला बसायचे. दुसऱ्या दिवशी परबाने ट्रंककॉल लावून रजा मागितली. साहेबांनी विचारलं, डॉक्टरांकडे गेला होतास का? परब हो म्हणाला.

"मग डॉक्टरांची भेट झाली की! ती कामात धर. रजा कसली?"

*

आणि नंदू. तो अजून प्रोबेशनवर होता. घरात कमावणारा एकटा. त्याला कायम करायचं की घालवायचं, ते साहेब दिवसभर त्याच्याबरोबर फिरून ठरवणार होते. साहेब आंबोलीमार्गे सावंतवाडीत उतरले, त्याच सकाळी नंदूला ताप. मी म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, "आधी नोकरी कायम जावंदे, मगे पडतंय आजारी."

शिरोड्याला निघालो. नंदूच्या गाडीवर मागे साहेब, त्यांच्यामागे माझी गाडी. मळेवाडच्या पुढे नंदूची मोटरसायकल डुलायला लागली आणि एका घराच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जाऊन टेकली. नंदू उतरला तो खालीच बसला. घरातून एक काकी धावत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, आमच्या मदतीने त्याला ओट्यावर आणलं आणि साहेबांकडे वळली.

"पिशयेत औषधा आसत मां? मगे दिया ह्येका."

साहेब म्हणाले, ती डॉक्टरांना द्यायची सॅम्पल आहेत, अशी कोणालाही देता येत नाहीत. माझ्या बॅगेत त्या दिवशी नेमकी नुसती टॉनिकं, तापाची गोळी एकही नाही. वर साहेबांनी नंदूलाच ऐकवलं, की डॉक्टर दवाखाना बंद करून जेवायला जातील, आत्ता उठला नाहीस तर तुला कायम करणं मला अवघड जाईल. माणसाच्या अंगावर भाजी शिजेल एवढा ताप, आणि याला दवाखान्याची वेळ!

काकी आत जाऊन गरम पेज आणि लोणच्याची फोड घेऊन आली. नंदूने गाडीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावला.

साहेब उन्हात घड्याळ बघत उभे राहिले. थोड्या वेळाने तेही ओट्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, मलाही जरा बरं वाटत नाहीये, थोडी पेज मिळेल का?

काकीने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. अगदी सावकाश, नीट बघितलं. मग नंदूला म्हणाली,

"ह्येंका तापबीप काय्येक नाय रे झिला. ह्येंका कामाक धाड."