मारोतीकाकांचा राग

मारोतीकाकांना काहीही सांगा, ते मान हलवून म्हणत, "चांगलं झालं." दूध नासलं म्हटलं तरी चांगलं झालं, आज शाळेत माझ्या वर्गातल्या पोराचं डोकं फुटलं म्हटलं तरी चांगलं झालं! सुरतेजवळ कोसाडला त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. ते वारले त्याला दीड वर्ष झालं. पण त्या दाराचं कुलूप दिसलं की अजूनही मला करमत नाही.

मूळचे जालन्याकडचे. तीस वर्षं सुरतेत यंत्रमागावर काढली. मागांच्या खडखडाटात कोणालाच ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून, हातवारे करून बोलतात. त्यामुळे काकांचे कान कधी गेले ते कोणाला कळलंच नाही. पुढे काम सुटलं, बायको वारली, माणूस खोलीत एकटा उरला. हाक मारली तर ओ देत नसत. आम्ही आपले म्हणायचो, म्हातारा भलताच तिरसट! सुरेखानं, त्यांच्या एकुलत्या मुलीनं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, त्याचा राग धरून बसलाय, असं सगळी इमारत म्हणायची.

एका रविवारी सुरेखाचा नाशिकहून मला फोन आला. रडत होती. "बाई, माझं बाळ पोटातच गेलं. काल बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, चांगलं झालं. त्यांना म्हणावं, तुम्हाला मुलगीच नव्हती असं समजा."

माझं डोकंच फिरलं. तरातरा त्यांच्या खोलीत गेले. ते दाराकडे पाठ करून मेथी निवडत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. माणूस आहात की कसाई, इथपर्यंत गेले. काका आपले शांतपणे निवडतायत. मग जुडी घ्यायला वळले आणि मला बघून दचकले.

"कवा आलात, बाई?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. समोर बसून, सावकाश, सगळं सांगितलं. त्यांनी मेथी बाजूला सारली.

"म्या असं म्हणलो? नाव दिसलं म्हणून फोन उचलला. काय बोलली कळलं न्हाई. नेहमीचंच म्हणलो." मग म्हणाले, "लोकं रागीट म्हणायचे ते मला बरं वाटायचं, बाई. रागीट बापाला मान असतो, भैऱ्याची कीव येती. राग नव्हताच कधी."

"मग हे तिला सांगा."

"लाज वाटती."

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझं दार वाजवलं. मी व्हिडिओ कॉल लावून दिला. "सुरे, म्या भैरा हाय. तुझ्या लग्नाच्या आधीपासून. लपवलं." तिनं तिथेच फोन ठेवला.

पुढे पाच महिने तिचा फोन नाही. काका मात्र भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना आधीच सांगायला लागले, "मला ऐकू येत न्हाई, समोर येऊन बोला." कोणी हसलं तर हसू द्यायचे. संध्याकाळी जिन्यात एकटेच बसायचे. एकदा मी म्हटलं, "तिनं माफ नाही केलं हो."

"नसंल केलं. आता निदान खऱ्या बापावर रागावलीय."

मे महिन्यात ती आली. दारातच उभी राहून अर्धा तास भांडली. "लग्नाला आला नाहीत, आईच्या माघारी विचारपूस नाही, बाळाचं दुःख मी एकटीनं काढलं." काका तिच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता ऐकत राहिले. हो, ऐकतच होते. शेवटी ती दमली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. काका उठले. दंडाला धरून तिला हळूच आपल्याकडे वळवलं.

"अजून काय राहिलं असंल तर बोल, सुरे. म्या बघतोय."