पाळतरावांच्या वहीतली एक नोंद

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात संगणक अडला की ज्यांना बोलावत, त्यांना सगळे पाठीमागे पाळतराव म्हणत. गृहस्थ कामात वाघ, पण यंत्र आपणहून बिघडतं यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. कोणीतरी हात लावलेला असतो आणि लावणारा कबूल करत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. म्हणून ते "काय झालं?" असं कधी विचारत नसत. खुर्चीमागे उभे राहून माणसाच्या हातांकडे बघत. खिशात वही असे. कुठल्या संगणकावर कोण, किती वाजता बसलं, ते तीत लिहायचं. पान कोणी फाडलं तर कळावं म्हणून पानांवर आकडे घातलेले. स्वतः पासवर्ड टाकायची वेळ आली की मात्र खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढत. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना आरशात माणूस दिसला ना, तरी विचारतील, तू आत कसा आलास?"

तर या दवाखान्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया महिन्यातून चारच दिवस होत. पाच, सहा, वीस आणि एकवीस. डॉक्टर बाहेरगावहून येत. मे महिन्याच्या पाच तारखेला सगळे रुग्ण वेळेवर आले. सहाला टेबल मांडलेलं, डॉक्टर हात धुऊन तयार, आणि बाहेरच्या बाकांवर चिटपाखरू नाही. नऊपैकी एकही आलं नव्हतं. फोन केला तर एक निवृत्त मास्तर भडकले. "माझ्या पत्रावर पाच जून लिहिलंय! तुम्हीच छापलंय ना?"

पत्रं छापणाऱ्या नोंदणीच्या बाई एकोणीस वर्षं त्याच खिडकीत बसत होत्या. ब्राउझरमधून रुग्णांची यादी उतरवून घ्यायची, ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि एकेकाचं पत्र छापायचं, हे त्यांचं काम. यादी जिथून उतरते ती वेबसाइट पाळतरावांनी उघडून बघितली. तिथे नऊही जणांची तारीख सहा मे, अगदी बरोबर. म्हणजे गडबड मध्येच कुठेतरी झाली होती. आणि मध्ये कोण होतं? बाई.

"तारखांना तुम्ही हात लावता का?" त्यांनी विचारलं.

"लावते की," बाई सरळ म्हणाल्या. "गेल्या महिन्यापासून वीस-एकवीसच्या तारखा उलट्याच येतात. आधी महिना, मग दिवस. त्या हाताने सरळ करते."

"पाच-सहाच्या?"

"त्या नीट दिसत होत्या. नाही लावला हात."

पाळतरावांनी मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं! त्यातून पाच तारखेच्या यादीत बाईंची सख्खी मामेबहीण निघाली. तिचं पत्र बरोबर, तिची शस्त्रक्रिया वेळेवर, आणि परक्यांना महिनाभर पुढे ढकललेलं. आता आणखी काय हवं? दहा मिनिटांत त्यांनी व्यवस्थापिकेला लिहून दिलं: बिघाड यंत्राचा नाही, तारखा हाताने बदलल्या आहेत, ओळखीच्या माणसाला झुकतं माप दिलेलं दिसतं. व्यवस्थापिका म्हणाल्या, शनिवारी दुपारी ठरवू. ठरवायचं काय, ते बाईंना कळलं होतं. खिडकी जाणार, आणि जाताना कपाळावर लबाडीचा शिक्का बसणार. त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या. पाळतरावांना तेही संशयास्पद वाटलं आणि त्यांनी ते वहीत टिपलं.

शनिवारी सकाळी पक्का पुरावा हवा म्हणून ते बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "जूनची यादी काढा. नेहमी काढता तशीच."

बाईंनी यादी उतरवली, उघडली. हात मांडीवर घेतले आणि तिथेच ठेवले. तरी पडद्यावर पाच जूनचे लोक सहा मेला जाऊन बसले होते.

पाळतराव पुढे झुकले. उतरवलेली फाइल त्यांनी नुसती अक्षरं दाखवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये उघडली. तिथे होतं ६/५. ब्राउझर महिना आधी लिहीत होता, सॉफ्टवेअर दिवस आधी वाचत होतं. दोघं दोन भाषांत बोलत होते आणि मध्ये बाई भरडल्या जात होत्या. वीस नंबरचा महिना नसतो, म्हणून त्या तारखा सॉफ्टवेअरने तशाच उलट्या ठेवल्या. आणि पाच मे? पाच-पाच. उलटं करा, सुलटं करा, पाचच. मामेबहिणीचं एवढंच पाप.

ब्राउझरचं सेटिंग कोणीतरी बदललं होतं. पाळतरावांच्या अंगात उत्साह संचारला. आता खरा गुन्हेगार! त्यांनी वही काढली आणि एप्रिलची पानं उलटली. मेची पत्रं निघाली होती एका मंगळवारी. आदल्या दिवशी, सोमवारी, या संगणकावर कोण बसलं होतं? पान सदतीस. त्यांच्याच नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'नोंदणी खिडकी. नवीन ब्राउझर घातला. सगळ्यांना बाहेर काढलं. स्वतः.'

त्यांचे कान तापले. पान फाडावं असंही क्षणभर मनात आलं, पण छत्तीसनंतर अडतीस आलं तर पहिला संशय कोणावर, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि पलीकडे बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्या हातांकडे बघून त्यांना मनापासून लाज वाटली.

दुपारी त्यांनी व्यवस्थापिकेपुढे वही उघडून पान सदतीस मोठ्याने वाचलं. मग आपला अहवाल परत मागून घेतला. बाईंसमोर येऊन म्हणाले, "चूक माझी आहे. मला माफ करा."

बाईंनी वही हातात घेतली. सावकाश चाळली. आपलं नाव कुठेकुठे आहे ते बघत होत्या. जवळजवळ प्रत्येक पानावर होतं. गुरुवारच्या नोंदीवर त्या थांबल्या. 'बाई आज गप्प.'

"मी घरी जाऊन रडत होते हो," त्या म्हणाल्या. "तेवढं नाही लिहिलंत."

बाईंनी वही परत दिली आणि खिडकीकडे वळल्या. बाहेर निवृत्त मास्तर नवं पत्र न्यायला उभे होते. "सेटिंग आधी सरळ करा, माणसं खोळंबलीत," त्या म्हणाल्या. पाळतराव खुर्चीत बसले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा बाई सवयीने उठून बाहेर निघाल्या.

"नका जाऊ," ते म्हणाले. "मागे उभ्या राहा. माझ्या हातांकडे बघा."