डोळ्यांची आखणी

कल्याणच्या कुंभारवाड्यात रतनचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दुसरं काय! वडील धोंडिबा गेले तेव्हापासून मूर्तींचे डोळे आखायचं काम रतनकडे आलं. अंग कुणीही रंगवावं, मुकुटावर सोनेरी रेघ नवशिक्यानेही ओढावी, पण डोळे घरच्या माणसानेच आखायचे, आणि सगळ्यात शेवटी. धोंडिबा म्हणायचे, "बिनडोळ्यांची मूर्ती फार दिवस ठेवू नये रे. ती आपल्यालाच शोधत बसते." खरंखोटं त्या गणपतीला ठाऊक. रतनच्या हाताला मात्र ते वळण लागलं ते लागलंच. डोळे राहिलेला चेहरा दिसला की त्याची बोटं आपोआप ब्रश शोधायला लागत.

तयार मूर्ती ट्रक भरभरून यायला लागल्या आणि रतनचं काम आटलं. मग तो शाळांमधून पोरांना मातीकाम शिकवायला जाऊ लागला. ठाण्याच्या अशाच एका शाळेत अंतरा मॅडमनी त्याला पाहिलं. नौपाड्यात त्यांचं केंद्र होतं. मनाने खचलेल्या माणसांना रंग द्यायचे, माती द्यायची आणि त्यांना मोकळं करायचं, असं तिथलं काम. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाई घाईत होती.

"रतन, तुझ्या हातात जादू आहे अरे! माझा कोर्स कर, मग डोंबिवलीचं सेंटर तूच बघ," मॅडम म्हणाल्या.

कोर्स रविवारचा. मोजके रविवार, आणि त्यातलाही एक पाडव्याच्या शोभायात्रेत गेला, कारण मॅडमचा त्यात चित्ररथ होता. त्या बुडालेल्या रविवारी काय शिकवायचं होतं, ते रतनला फार उशिरा कळलं. समोरच्या माणसाने केलेल्या कामाला आपण हात लावायचा नाही. वाकडं असो, अर्धवट असो, ते त्याचं. एवढाच धडा होता.

सर्टिफिकेट हातात पडलं तेव्हा रतनने विचारलं होतं, "मॅडम, याला सरकारी लायसन वगैरे नाय लागत?"

"अरे, आपल्याकडे आर्ट थेरपिस्टला वेगळं लायसनच नाही अजून. कोण विचारणारे तुला?"

घ्या! रिक्षा चालवायला बॅज लागतो, वडापावची गाडी लावायला परवाना लागतो, मेलेल्या माणसाला जाळायलासुद्धा दाखला लागतो. जित्या माणसाच्या मनात हात घालायचा तर नुसती हौस पुरते. डोंबिवलीत मानपाडा रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर रतनच्या नावाची पाटी लागली, खाली 'आर्ट थेरपिस्ट'. बायको समीक्षा हसून लोटपोट. "काय ओ डॉक्टरसाहेब, जेवायला वाढू की अपॉइंटमेंट घेऊ?" रतन वरवर चिडला, पण खरं सांगायचं तर त्याला ती पाटी आवडली होती. मूर्तिकार म्हटलं की लोक घासाघीस करतात. थेरपिस्ट म्हटलं की दबकत आत येतात, 'सर' म्हणतात. कुणाला नाही आवडणार?

वैशाखात हरिहरकाका सुमतीकाकूंना घेऊन आले. दोघं जुने डोंबिवलीकर. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, काकूंनी शाळेत गणित शिकवलेलं. एकुलता एक मुलगा साकेत, लग्नाचं बघत होते त्याचं. शीळ रस्त्यावर खड्ड्यात बाईक गेली आणि मागून टँकर आला. त्यानंतर काकू रडल्याच नव्हत्या.

"डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत," काका म्हणाले. "पण गोळ्यांनी ती नुसती झोपते हो. मला ती बोलायला हवी आहे. भांडली तरी चालेल. तुम्ही काही करू शकाल का?"

"करू की काका. माती बोलायला लावते माणसाला," रतन म्हणाला. आणि हे काही तो थाप मारत नव्हता. त्याचा विश्वास होता त्यावर.

पहिले काही दिवस काकू शाडूचा गोळा हातात धरून नुसत्या बसायच्या. मग थापायला लागल्या. मग एक दिवस नाक उमटलं, जिवणी उमटली, कपाळावर वळलेले केस आले. साधारण नारळाएवढं डोकं. कुणीही ओळखावं इतका साकेत त्यात उतरला होता. काकांच्या पाकिटातला फोटो रतनने पाहिलेला, त्याच्या अंगावर काटा आला. फक्त डोळ्यांच्या जागी दोन सपाट खळगे होते. काकू तिथे अंगठा फिरवायच्या आणि थांबायच्या. असं बरेच दिवस चाललं.

"डोळे राहिले की काकू," शेवटी रतन म्हणाला.

काकूंनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलल्या. "ते माझ्याच्याने होत नाहीत. दवाखान्यात मीच मिटले ना ते. उघडे होते. नर्स म्हणाली, आई, तुम्ही मिटा."

त्यांची हनुवटी थरथरायला लागली. इतके दिवस अडलेलं रडू आता येणार होतं, अगदी घशाशी आलं होतं. रतनने फक्त गप्प बसायचं होतं. नुसतं बसायचं, बाकी काही नाही.

पण त्याला ते बघवेना. समोर म्हातारी बाई तुटत चाललेली, आणि समोर तो बिनडोळ्यांचा चेहरा. त्याच्या बोटांनी ब्रश उचलला. पांढरा, मग काळा, मग बुबुळात तो एक बारीक ठिपका, ज्याने मूर्ती जिवंत होते. धोंडिबाचा पोरगा तो. चुकेल कसा? साकेत डोळे उघडून आईकडे बघायला लागला.

रडू आलंच नाही. काकू हसल्या. "अगं बाई! उठला की!" म्हणाल्या आणि त्यांनी ते ओलं डोकं छातीशी धरलं. दारात उभे असलेले काका हुंदके देऊन रडायला लागले आणि रतनच्या पाया पडायला वाकले. मॅडमनी ही हकिकत आपल्या ग्रुपवर टाकली, शंभर जणांनी हात जोडले. त्या रात्री रतन समीक्षाला म्हणाला, "आज आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं काम केलं बघ."

करायला गेला गणपती अन् झाला मारुती, ही म्हण मूर्तिकाराच्या तोंडावर म्हणू नये. पण इथे दुसरं काय म्हणायचं?

काकू साकेतला घरी घेऊन गेल्या. जेवणाच्या टेबलावर त्याची खुर्ची, खुर्चीवर पाट, पाटावर तो. सकाळी चहा, दुपारी ताट. काकू बोलायला लागल्या होत्या, पण त्याच्याशीच. आता बरी आहे मी, म्हणून गोळ्या त्यांनी बंद केल्या, आणि काकांनीही हट्ट धरला नाही. घराबाहेर पाऊल टाकेनात. "तो बघतोय ना, एकट्याला टाकून कशी येऊ?" त्याचं ताट तसंच राहायचं, म्हणून त्याही जेवेनात.

काकांचा फोन आल्यावर रतन घाबरला. तडक ठाण्याला मॅडमकडे गेला. "मॅडम, काकूंना परत डॉक्टरकडे पाठवू या. मला काय झेपत नाय हे."

"अरे, प्रोसेस असते ती. त्यांना वेळ दे. आणि मी काय म्हणते, डोळे तू केलेस का? मला वाटलं, काकूंनीच केले. हात नसतो लावायचा रे! सांगितलं नव्हतं का मी?"

"नाय मॅडम. तो रविवार झालाच नाय."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर दुसरी बॅच येऊन बसली होती. "बघू आपण," म्हणून त्या तिकडे गेल्या.

रतन काकांच्या घरी गेला तर शाडू वाळून तडकायला लागला होता. न भाजलेली माती ती, तडकणारच. कपाळापासून गालापर्यंत भेग गेली होती आणि काकू तिच्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होत्या. "ताप उतरत नाहीये रतन," त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळे दिलेत ना त्याला? मग हेही तुम्हीच बघा."

रतनने हात जोडले आणि बाहेर आला. जिन्यात काकांनी त्याचा दंड धरला. "मी काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करतो."

आता इथे तरी माणसाने म्हणावं, की मला कळत नाही. पण पाटीची जीभ वेगळी असते. रतनला एकच माहीत होतं, पिढ्यान्पिढ्यांचं. मूर्ती भंगली की विसर्जन. "शाडू आहे काका. बादलीत विरघळेल. काकू झोपल्या असताना करा."

काकांनी तसंच केलं. दुपारी, न्हाणीघरात, घरचा गणपती विसर्जन करतात त्याच बादलीत. मनातल्या मनात आरती म्हटली, हे त्यांनी नंतर सांगितलं. काकू उठल्या तेव्हा खुर्ची रिकामी. त्या ओरडल्या नाहीत. न्हाणीघरात गेल्या, बादलीशी बसल्या, कोपरापर्यंत हात घालून गाळ चाचपला. आणि मग ओंजळी भरभरून ते गढूळ पाणी प्यायला लागल्या. काकांनी हात धरले, तर चावल्या. शेजारचे दोघे आले तेव्हा कुठे बादली सुटली.

काकू आता ठाण्याच्या मनोरुग्णालयात आहेत. कुणाला ओळखत नाहीत.

रतनने पाटी स्वतःच्या हाताने उतरवली आणि एका सरकारी कचेरीत जाऊन उभा राहिला. म्हणाला, तक्रार करायची आहे. कुणाविरुद्ध? माझ्याविरुद्ध. टेबलापलीकडचा माणूस भला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर असतास तर कौन्सिलकडे पाठवलं असतं. तुझी नोंदणीच नाही, तर रद्द काय करायचं? जा बाबा घरी, हात दाखवून अवलक्षण कशाला करतोस?" रतनला वाटलं होतं, कुणीतरी शिव्या घालील, आत टाकील, निदान एखादा ठपका ठेवील. शिक्षासुद्धा कुणाकडे शिल्लक नव्हती. तो बाहेर येऊन फुटपाथवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

श्रावण आला. शेडमध्ये मूर्ती ओळीने उभ्या राहिल्या, रंगून तयार, डोळे सोडून. रतन ब्रश उचलायचा आणि परत ठेवून द्यायचा. समीक्षा आता चेष्टा करत नव्हती. गिऱ्हाइकं तगादा लावत होती.

अशाच एका दुपारी हरिहरकाका आले. हातात कापडी पिशवी. मूर्तींच्या रांगेकडे त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली.

"बादलीतला शाडू वाळवून आणलाय," काका म्हणाले. "दर वर्षी विसर्जनानंतर तुम्ही माती परत घेता ना? टाकवेना मला."

रतनने पिशवी घेतली.

"आणखी एक विचारायचं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या, आधी उपचार कोणी केले, त्यांचा नोंदणी क्रमांक काय. मी काय सांगू?"

"मूर्तिकार सांगा काका," रतन म्हणाला. "कल्याणचा एक मूर्तिकार होता, म्हणून सांगा."

आवाज चढवायची काकांना सवय नव्हती, तेव्हाही चढवला नाही. "मूर्तिकाराकडे मी गणपतीसाठी आलो असतो हो, रतन. सुमतीला मी डॉक्टरकडे आणलं होतं."

रतनने पिशवी कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगावर रिकामी केली. वाळलेल्या खपल्या खाली पडल्या. एका खपलीवर काळ्या रंगाची बारीक, सफाईदार रेघ अजून शाबूत होती. तो तिथेच खाली बसला.

"पिशवी तेवढी परत द्या," काका म्हणाले. "तिने शिवलेली आहे."