दादाच्या घोड्या आणि दादाचे डोळे

फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. पलीकडचा आवाज अनोळखी होता. "मास्तर, मी आणे गावचा. तुमच्या दादांच्या पागंवरनं बोलतोय. दत्तूभाऊ गेले वो... आत्ताच, घोड्यांना चंदी घालता घालता बसले, ते उठलेच न्हाईत." मग तो म्हणाला, "मी जत्रंचा नारळ घिऊन आलो व्हतो. त्यो आता कुणाकडं द्यायचा?"

या प्रश्नाचा मला सहा आठवडे झाले तरी राग येतो आहे. तो माणूस वाईट नव्हता. मी पोचलो तेव्हा पागेच्या भिंतीला टेकून रडत होता. पण माणूस गेल्याचे सांगून झाल्यावर दुसरेच वाक्य नारळाचे... दत्तूदादाचे, माझ्या थोरल्या भावाचे, सगळे आयुष्य असेच गेले.

नारळाचे सांगायला हवे. जुन्नर-आंबेगावकडे बैलगाड्याच्या शर्यतीत गाडीवान नसतो. घाटात, म्हणजे चढणीच्या धावपट्टीवर, चार बैल जुंपलेला गाडा सुटतो आणि बैलांच्या पुढे एक घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो. ही घोडी ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे गावाने नारळ घेऊन यायचे. नारळ हातात घेतला की शब्द दिला. मग घरात लग्न असो की मयत, घोडी त्या दिवशी त्या घाटात उभी राहिलीच पाहिजे. वडिलांच्या वेळी आमच्याकडे दोन घोड्या होत्या. नव्वदच्या सुमारास सगळे दादाकडे आले आणि येडगाव धरणाच्या पाण्याजवळच्या आमच्या तुकड्यावर बघता बघता सात घोड्या झाल्या. नारळ नुसता शर्यतींचाच येत नसे. लग्नाची वरात, सप्ताहातली ग्रंथाची मिरवणूक, दसऱ्याचे सोने लुटायला जाणे, शाळेची प्रभातफेरी, सगळ्याला दादाची घोडी लागे. दादा नाही म्हणत नसे. त्याला ते येतच नव्हते.

मी मंचरला शिकवायचो आणि रविवारी पागेवर जायचो. पिशवीत पुस्तक असे, पण तिथे ते कधी उघडले गेले नाही. उजाडताच दादा घोड्यांना पाण्यावर नेई, आल्यावर एकेकीला खरारा करी, भिजवलेले हरभरे तोबऱ्यात भरून तोंडाला बांधी. तोवर माणसे जमू लागत. कुणी घोडीचा पाय दाखवायला, कुणी पोराला नुसते पाठीवर बसवायला, कुणी भांडण घेऊन. महिन्यातून एकदा जुन्नरहून रहीमचाचा नालबंद सायकलवरून येत. खुरे तासता तासता ते आणि दादा एकमेकांची अशी काही खेचत की घोड्यासुद्धा कान टवकारत. शेवंतावहिनी चहाचे पातेले चुलीवरून खाली उतरवतच नसत. मला ते सगळे फार आवडे, हे इथे कबूल केले पाहिजे. नाहीतर पुढचा राग एकतर्फी वाटेल.

दोन हजार सालच्या आसपास एका रविवारी दादाने मला समोरून येताना ओळखले नाही. पाच-सात हातांवर आलो तेव्हा म्हणाला, "मास्तर व्हय! उन्हामुळं कळंना." ऊन त्याच्या पाठीमागे होते. मी त्याला नारायणगावला डॉक्टरकडे नेले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी नीट समजावले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते, थेंब रोज टाका आणि पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घ्या. मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचून काढले. थेंबांची बाटली आणून दिली. पंधरा दिवसांनी विचारले तर दादा म्हणाला, "संपली की. शिंगराच्या डोळ्याला पानी येत व्हतं, त्याला टाकली. झ्याक झालं बघ."

ऑपरेशनसाठी मी दोनदा तारीख घेतली. पहिल्यांदा माघातली जत्रा आडवी आली, दुसऱ्यांदा लग्नसराई. वर्षात त्याला मोकळा दिवसच नव्हता. शेवटी श्रावणात मी स्वतः एक नारळ घेतला आणि पागेवर गेलो. चार माणसे बसली होती. सगळ्यांसमोर नारळ पुढे करून म्हणालो, "एक दिवस मला पाहिजे. सोमवारी पुण्याला यायचं."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "मास्तर, आयुष्यात पयल्यांदा अक्कल चालवली," म्हणाला, आणि त्याने नारळ घेतला. मला वाटले, आता जिंकलो.

सोमवारी तो खरेच आला. धुवट टोपी घालून, एसटीत खिडकीपाशी बसून. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, उशीर झालाय, पण या गुरुवारी केले तर बरेच काही वाचेल. दादा लगेच म्हणाला, "गुरवारी न्हाई जमायचं. निरगुडसरच्या सप्त्याचा काला हाय, मिरवणुकीला घोडी दिलीय." आम्ही बाहेर आलो. मी रस्त्यातच ओरडलो. उभ्या आयुष्यात मी त्याच्यावर ओरडलो नव्हतो.

"दादा, तू मला शब्द दिला होतास!"

"तुला पुण्याला यायचा दिला व्हता. आलो की."

"घोडी दुसरा कुणी नेईल. डोळे दुसरे येणार आहेत का?"

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. "मास्तर, तुला न्हाई कळायचं," एवढेच म्हणाला. पुढच्या गुरुवारी काय, त्यानंतरच्या कुठल्याच गुरुवारी ते झाले नाही... आणि मीही, सांगायला लाज वाटते, हट्टाने विचारायचे सोडून दिले, रविवारी पागेवर जाणेही कमी केले. नारळ वाया गेला म्हणून मी रुसलो होतो. भावाची नजर जात होती आणि मी रुसलो होतो.

दोन वर्षांनी रहीमचाचांनी मला बाजूला घेतले. हातात तापलेला नाल होता, तो त्यांनी आधी पाण्यात घातला. "मास्तर, मी नाल पुढं केला तर तुमचा भाऊ हवेत हात फिरवतोय. त्याला दिसत न्हाई. आज न्हाई, लई दिवस झाले. तुमाला कुणी बोललं न्हाई का?"

कुणीच बोलले नव्हते. त्याच महिन्यात एका जत्रेला मी मुद्दाम गेलो. माझा जवळजवळ आंधळा भाऊ बिजली घोडीवर बसून घाटात उतरला. मागे चार बैल सुटले. चढणीच्या दोन्ही बाजूंनी माणसे ओरडत होती आणि त्या कल्लोळात मला शब्द वेगळे ऐकू आले. "भाऊ, डावी धर! सरळ! आता सरळ!" फेटा बांधलेला एक म्हातारा माझ्याशेजारी घसा फोडून तेच ओरडत होता. मी त्याचा दंड धरला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"समद्यांना ठावं हाय की. म्हनून तर वरडतोय."

"आणि तरी नारळ घेऊन जाता? शरम नाही वाटत?"

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, शाळेत न जाणाऱ्या पोराकडे पाहावे तसे. "राव, आमी नारळ बंद क्येला, म्हंजी त्यो आंधळा झाला असं आमीच ठरवल्यागत व्हईल. त्ये तुमी ठरवा. आमी न्हाई ठरवायचो."

मी त्याचा दंड सोडला. त्या म्हाताऱ्यावरचा राग आजही जात नाही. त्यांचे दादावर प्रेम होते, यात शंका नाही. पण त्या प्रेमापायी कुणी एकानेही त्याला एक गुरुवार मोकळा दिला नाही. दादाच्या दशक्रियेला नदीवर माणूस मावत नव्हता. एकामागून एक उभे राहून बोलले. असा माणूस व्हणार न्हाई, शब्दाचा पक्का, कधी 'न्हाई' म्हनला न्हाई. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, एकदा म्हणायला हवे होते रे... निदान एकदा.

तेरावा झाल्यावर चार दिवस मी तिथेच राहिलो. काहीतरी करावे म्हणून पागा आवरायला घेतली. खोगिरे पुसली, लगामांना तेल लावले. घोड्या बांधायचे सातही दोर मळले होते आणि प्रत्येकाला टोकाशी वेड्यावाकड्या गाठी पडल्या होत्या. दादाला नीटनेटकेपणा नाही, असे नेहमीसारखे मनात आले. सगळे दोर धरणाच्या पाण्यावर नेले, घासून धुतले, दगडावर बसून एकेक गाठ दातांनी ढिली करून सोडवली, वाळवले आणि खुंट्यांवर ओळीने टांगले. बरे वाटत होते.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि दोरांकडे बघत उभ्या राहिल्या.

"भाऊजी, गाठी कुठं गेल्या?"

"सोडवल्या. दोर कुजतो त्यानं."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "त्या ह्यांनी मारल्या व्हत्या. हाताला कळाव्या म्हनून. एक गाठ म्हंजी बिजली. दोन म्हंजी चंद्रा."

मी कप खाली ठेवला आणि पहिला दोर उतरवला. वहिनी सांगत गेल्या, मी गाठी मारत गेलो. एक बिजलीला, दोन चंद्राला, तीन राणीला, मैनेला दोन जवळ जवळ आणि एक लांब, सोनीला टोकाला फास. दादाच्या गाठी बारीक आणि घट्ट होत्या. माझ्या मात्र बुटाच्या नाडीसारख्या बसत होत्या. उरलेल्या दोघींचे वहिनींना आठवेना. त्यांनी डोळे मिटून हात फिरवून पाहिला, तरी आठवेना. "मला कशाला लागत्यात गाठी?" त्या म्हणाल्या. "मला दिसतंय की."

ते दोन दोर अजून पागेत आहेत. स्वच्छ आणि सरळ.