पेसमेकरची ट्रायल

माझ्या वडिलांनी पेसमेकर बसवून घेण्याआधी त्याची ट्रायल घेतली. रशीदचाचांवर!

अण्णा चिकलठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. ट्रायल न घेता मशीन ताब्यात घेणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. डॉक्टर म्हणाले, "नाडी छत्तीसवर आलीय. कधी दगा देईल सांगता येत नाही. पेसमेकर बसवा."

अण्णा उठून चपला घालायला लागले. "चालू मशीन कुणी खोलत नसतंय, साहेब!"

महिनाभर मी हातापाया पडलो. बायकोनं उपास धरला (उपाशी मात्र मीच राहिलो). शेवटी शेजारच्या रशीदचाचांना बोलावलं. दोघं कारखान्यात एकाच पाळीतले, आणि चाचांना पेसमेकर बसून दोन वर्षं झालेली. म्हटलं, ते समजावतील. इथंच माझी अक्कल शेण खायला गेली!

"लोड घेतं का रे?" अण्णांनी विचारलं.

"घेतं म्हणजे? देख तू!" म्हणत बहात्तर वर्षांचे चाचा आम्हाला गच्चीवर घेऊन गेले आणि टाकीची लोखंडी शिडी चढायला लागले. अण्णा खाली घड्याळ घेऊन उभे!

"चाचा, उतरा!" ओरडत मीही मागोमाग शिडी चढायला लागलो. चाचा वर पोचून पान चघळत बसलेसुद्धा. मी मधेच खाली पाहिलं आणि शिडीला घट्ट मिठी मारली. वर जाता येईना, खाली येता येईना.

"अण्णा, धरा मला!"

"लई बहाद्दर हाईस!" म्हणत अण्णा चढले. दुसऱ्याच पायरीवर त्यांचे डोळे फिरले, हात सुटला आणि ते धपकन गच्चीवर बसले. मान एका बाजूला कलली.

मी शिडी कशी उतरलो, आठवत नाही (उतरलो नाही, पडलो). अण्णांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पन्नाशीचा मी भोकाड पसरून रडलो. "नका बसवू मशीन, पण डोळे उघडा हो!" एवढंच तोंडातून येत होतं.

मिनिटभरानं अण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"रशीद, धाप लागली का रे?"

वरून आवाज आला, "बिल्कुल नै!"

"मग ट्रायल पास. बसवू."

पेसमेकर बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले. मी पायाला प्लास्टर घालून शेजारी बसलेलो. अण्णांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "साहेब, एक ह्यालाबी बसवून टाका. अर्ध्या शिडीतच बंद पडतंय!"