बा बोलला ती फिल्म

माझ्याकडे जो कॅमेरा होता त्याला आवाज नव्हता. ही गोष्ट आमच्या गावात फक्त मला माहीत होती.

चावीचा कॅमेरा होता तो. घड्याळासारखी चावी भरायची, कळ दाबायची, की अर्धं मिनिट घरघर चालायचा आणि थांबायचा. फिल्मवर चित्र उतरायचं, आवाज नाही. त्या काळी टीव्हीच्या बातम्या बहुतेक अशाच असत. आम्ही जिल्ह्यातून मुकी फिल्म पाठवायची आणि तिकडे टीव्ही केंद्रात निवेदकानं तिच्यावर बातमी वाचायची. मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालो होतो. जाळं टाकणाऱ्या, नाव चालवणाऱ्या ढिवरांच्या आमच्या मोहल्ल्यातला पहिला. पुढे एका फोटो स्टुडिओत काम करता करता हा कॅमेरा हातात आला आणि मी केंद्राचा जिल्ह्यातला बातमीवाला झालो. फिल्म काळ्या डब्यात बंद करायची, सोबत डोप शीट म्हणून एक कागद लावायचा, त्यावर कोणत्या चित्रात काय आहे ते लिहायचं, आणि सायकलवर वरठीच्या स्टेशनावर जाऊन डबा गाडीत चढवून द्यायचा. वरठीच्या फलाटावर तो डबा हातात घेऊन उभा असताना मला फार मोठं वाटायचं. ते खोटं कशाला सांगू.

माझा बाप पवनीच्या वरच्या अंगाला वैनगंगेवर डोंगा चालवायचा. मी त्याला बा म्हणायचो. इकडच्या काठावरून तिकडच्या काठावर माणसं, शेळ्या, धानाची पोती, नवरदेव, मास्तर, सगळं त्यानं नेलं. पण मी मॅट्रिकला होतो त्या वर्षी भादव्यात नदी लाल होऊन चढली आणि एका रात्री अंधारात डोंगा उलटला, काठावर पाहणारं कोणी नव्हतं. गावातली एक बाई त्यात गेली. माहेराहून परत येत होती. गावानं ठरवलं की बानं दारू पिऊन पुरात डोंगा सोडला. बा तोंडाला दारू लावत नव्हता. चौकशी झाली, त्यातून काही निघालं नाही. बानंही कोणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. लोक डोंग्यात बसतच राहिले, कारण दुसरा रस्ताच नव्हता. फक्त मधल्या धारेत आलं की कोणीतरी हमखास म्हणायचं, "आज पेला नाही ना गा?" आणि बाकीचे हसायचे. दहा-अकरा वर्षं हे चाललं. बा वल्हं मारत राहायचा.

मग नदीवर पूल व्हायला लागला. केंद्राला पुलाची बातमी हवी होती. मी खांबांचं चित्र घेतलं, गिट्टी वाहणाऱ्या बायांचं घेतलं, आणि मनात आलं की पुलामुळे जो डोंगा बंद होणार त्याचंही एक चित्र असावं. सकाळची वेळ होती. बा काठावर होता. माय त्याची शिदोरी घेऊन आली होती आणि पाण्यात पाय घालून उभी होती.

कॅमेऱ्यासमोर माणूस नुसता उभा राहिला की लाकडासारखा दिसतो. म्हणून आम्ही माणसाला बोलायला लावायचो. तोंड हललं की चेहरा जिवंत होतो. मी म्हणालो, "बा, काही तरी बोल."

"काय बोलू?"

"काही बी बोल. आखा महाराष्ट्र आयकन."

"आपलं गाव बी आयकन?"

"गाव तं आयकनच."

बानं वल्हं खाली ठेवलं. दुपट्टा झटकून खांद्यावर नीट टाकला, हात जोडले आणि बोलायला लागला. मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसलो होतो. कानाजवळ कॅमेरा घरघरत होता, वारा होता, मागे पुलावर खडी फोडणं चालू होतं. आणि खरं सांगायचं तर मी ऐकतच नव्हतो. सूर्य त्याच्या कपाळावर किती येतो ते पाहत होतो. चावी संपली, मी पुन्हा भरली. तेवढ्या वेळात बा थांबला नव्हता. पुन्हा संपली. मी म्हणालो, "झालं गा."

"झालं?" तो म्हणाला. "माहं बी झालं." आणि काठ चढून गेला. त्याला मी इतक्या हलक्या पायानं चढताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी डोप शीटवर मी लिहिलं : नदीचा काठ. डोंगा. एक वृद्ध नावाडी, काहीतरी बोलतो. माझा बाप, असं लिहिलं नाही. घरच्या माणसाचं चित्र घेतलं म्हणतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण केंद्रातल्या लोकांना मी नावाड्याचा पोरगा आहे हे कळू नये, हेही त्यात होतं.

ग्रामपंचायतीत सरकारी टीव्ही आला होता. छपरावर जाळीची मोठी थाळी, खाली लाकडी पेटीत टीव्ही, पेटीला कुलूप. बातमी येणार त्या संध्याकाळी मी भंडाऱ्याहून एसटीनं गावात पोचलो तर बा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यात पुढे बसलेला. मायनं सांगितलं की तो सकाळपासून घरोघर जाऊन बोलावणं देऊन आला. बुडालेल्या बाईच्या नवऱ्याच्या घरीसुद्धा गेला. त्या घराच्या अंगणात बा इतक्या वर्षांत गेला नव्हता. तो माणूस आला होता, दाराशी टेकून उभा होता. अजूनही वेळ होता. कॅमेरा मुका आहे हे मी उठून बाच्या कानात सांगू शकलो असतो. पण पंचायतीत सगळे माझ्याकडे पाहत होते, सरपंचानं मला खुर्ची दिली होती.

निवेदक म्हणाला की वैनगंगेवरील पुलाचे काम वेगाने सुरू आहे आणि त्यामुळे परिसरातील जनतेची गैरसोय दूर होणार आहे. खांब दिसले. गिट्टीवाल्या बाया दिसल्या. मग बा दिसला, हात जोडलेला, तोंड हलत असलेला, आणि वरून निवेदकाचाच आवाज. सहा सेकंद. त्यानंतर कुठल्याशा जिल्ह्यातली सोयाबीनची बातमी.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय गा, आवाज काहून निंगून नाही राहिला? आज पेला नाही वाटते."

सगळी पंचायत हसली. दाराशी उभा असलेला तो माणूस निघून गेला. बा शेतीचा कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिला. पेटीला कुलूप लागलं तेव्हा उठला.

घरी जाताना त्यानं विचारलं, "तू कापलं का?"

"मी नाही बा. तिकडं कापतात. मोठे साहेब असतात."

"काहून कापतात?"

"वेळ नसते त्यांच्यापाशी."

थोडं चालून तो म्हणाला, "त्याचा हात पोचला असन तिकडंवरी." कोणाचा, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. माझं खोटं त्यानं खरं धरलं होतं आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.

पूल झाला. डोंगा काठावर उपडा पडला, त्याच्या फळ्या लोकांनी एकेक करून नेल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बा तापानं गेला. त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता हे मी त्याला सांगितलं नाही.

त्याच सुमाराला बातम्या बदलल्या. रंग आला, फिल्म जाऊन व्हिडिओची टेप आली. आता शहरातून जीप यायची, एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात माइक. भंडाऱ्याच्या बाजारात एका पितळी भांडी घडवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे त्यांनी माइक धरला. म्हातारा अडखळत, खोकत बोलला आणि दोन दिवसांनी टीव्हीवर तसाच अडखळत, खोकत ऐकू आला. हॉटेलात लोक चहा पीत पाहत होते. मी कप अर्धा ठेवून बाहेर आलो.

मला केंद्राचं पत्र आलं की यापुढे फिल्म पाठवू नये. मी उत्तर न लिहिता स्वतःच तिथं गेलो. जुन्या फिल्मचे डबे व्हरांड्यात भिंतीला लावून रचले होते. संपादन करणाऱ्या एका बाई निवड करत बसल्या होत्या. मंत्री, पूर, मोठ्या सभा हे टेपवर उतरवून ठेवायचं, बाकी टाकून द्यायचं. मी म्हणालो, पुलाची एक बातमी होती. त्यांनी कंटाळा न करता दुपारभर शोधलं. डब्यात घडी घालून माझाच कागद निघाला. त्यांनी मोठ्यानं वाचला, "एक वृद्ध नावाडी, काहीतरी बोलतो. हेच का?"

"हेच," मी म्हणालो.

त्यांनी फिल्म टेबलावर लावली. छोट्या काचेवर बा आला. हात जोडले, ओठ हलले, संपला. त्यांनी उलटी फिरवून पुन्हा लावली. सहा-सात वेळा पाहिलं असेल. मी ओठांकडे टक लावून होतो, पण ओठांवरून काही कळत नाही.

"बाकीची फिल्म?" मी विचारलं.

"बाकीची त्याच दिवशी कचऱ्यात जाते. तुम्हाला ठाऊकच आहे." मग त्यांनी विचारलं, "कोण हे? काय म्हणतायत?"

"माझे वडील," मी म्हणालो. "काय म्हणतात ते माहीत नाही."

ही बातमी ठेवायच्या यादीत बसत नव्हती. त्यांनी तेवढाच तुकडा कापला, पाकिटात घातला आणि माझ्या हातात दिला.

गावी येऊन मी तो मायला दाखवला. अडीच हात लांबीची पट्टी. तिनं दारात उभं राहून उन्हासमोर धरली, डोळे बारीक केले. "थोच हाय," ती म्हणाली. "लय बारीक करून टाकलं बाप्पा याले."

मग मी तिला सगळं सांगितलं. कॅमेरा मुका होता, मला माहीत होतं, कोणी साहेबानं काही कापलं नव्हतं. ती पट्टी बोटांत फिरवत होती.

"मंग त्याले बोल काहून म्हटलं?"

"चेहरा चांगला येते म्हणून."

"असं होय."

"माय, बा काय म्हणे त्या दिवशी?"

"तू तं समोर होता."

"मले आयकू नाही आलं."

"मले आयकू आलं पाण्यातून," ती म्हणाली. "पाणी चढलं पाहून त्यानं डोंगा बांधला होता आन् घरी येऊन निजला होता. सोडला दुसऱ्यानं. कोनं सोडला, थे त्यानं नाव घेऊन सांगलं. मंग त्या बाईच्या घरच्याची माफी मांगली, इतके दिस चूप राह्यलो म्हणून."

"कोनं सोडला?"

मायनं पट्टी पाकिटात घातली. मी पुन्हा विचारलं.

"थो बी मेला आता. त्याच्या घरी सुना हायेत, लेकरं हायेत. तुह्या बापाले हिंमत आली थे एकच दिस. थे आयकाले तू होता. मले कायले इचारतं?"

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या नवऱ्याकडे गेलो. म्हातारा झाला होता. मला बाज टाकून दिली, चहा सांगितला. मी म्हणालो, डोंगा माझ्या बानं बांधला होता, दुसऱ्या कोणी सोडला. त्या संध्याकाळी तुम्हाला बोलावलं होतं ते हेच ऐकायला.

"तुले कोनं सांगलं?"

"मायनं."

"माय तं तसंच म्हणन ना गा," तो म्हणाला, रागानं नाही.

मी पाकिटातून पट्टी काढली. त्यानं ती उन्हासमोर धरून वरपासून खालपर्यंत पाहिली, अगदी शेवटच्या चित्रापर्यंत. "याच्यात तं काहीच आयकू येत नाही," म्हणाला, आणि धोतराला हात पुसून पट्टी परत दिली. चहा आला. आम्ही तो प्यायलो.

"पूल झाला थे बरं झालं," तो म्हणाला. "आता कोनाच्या भरवशावर तं नदी पार कराची नाही."